उतारवय, मनाची उभारी आणि संसर्गजन्य आजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वय वाढलं की संसर्ग लवकर होतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ते ओळखायची आणि टाळायची रीत बहुतेक घरांत तरुण माणसाच्या आजारपणावरून उचललेली असते, आणि तिथेच फसगत होते. साठीच्या पुढची माणसं आणि त्यांची काळजी घेणारे, या दोघांना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. एक गोष्ट बऱ्याच उत्तरांत भेटेल: त्या माणसाचं 'नेहमीचं' काय आहे, हे कुणाला तरी नीट माहीत असायला हवं.

वय झालं की संसर्ग इतक्या सहज का होतात?

छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. संसर्गाशी लढणाऱ्या टी पेशी तिथे तयार होतात. ही ग्रंथी वयात आल्यापासूनच आक्रसू लागते आणि उतारवयात तिच्या जागी बहुतांशी चरबीच उरते. त्यामुळे नव्या जंतूला ओळखू शकतील अशा कोऱ्या पेशींचा साठा आटत जातो. जुन्या ओळखीच्या जंतूंची स्मृती मात्र बरीच टिकते. कोविडसारखा अगदी नवा विषाणू आला तेव्हा ज्येष्ठांना सर्वांत मोठा फटका बसला, त्यामागे हेही एक कारण होतं. शिवाय लस घेतल्यावर तयार होणारी प्रतिपिंडंही (जंतूंना अडवणारी रक्तातली प्रथिनं) तरुणांच्या मानाने कमी असतात.

पण हे अर्धंच उत्तर झालं. बाकीचं अर्धं अगदी साध्या, शारीरिक गोष्टींचं आहे. खोकल्याचा जोर कमी होतो, म्हणून कफ आतच साचतो. लाळ कमी होते. ॲलर्जी, नैराश्य किंवा लघवीच्या घाईवरच्या काही गोळ्या ती आणखी कमी करतात. मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. कातडी पातळ होते आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यातली एखादी भेग पाय सुजवणाऱ्या संसर्गाला वाट करून देते. थायमस काही परत आणता येत नाही. या बाकीच्या गोष्टींवर मात्र घरी बसून बरंच काम करता येतं.

ताप नाही, म्हणजे संसर्ग नाही असं धरायचं का?

मुळीच नाही. गंभीर संसर्ग झालेल्या ज्येष्ठांपैकी सुमारे २० ते ३० टक्क्यांना ताप येतच नाही, किंवा नावापुरता येतो. त्यातच वयाबरोबर शरीराचं मूळ तापमानही थोडं उतरलेलं असतं. त्यामुळे 'शंभरच्या वर गेला तरच ताप' हा हिशेब इथे चालत नाही. वृद्धांच्या निवासी देखभालकेंद्रांसाठी वापरले जाणारे निकष घरीही उपयोगी पडतात: तोंडात मोजलेलं तापमान एकदा जरी ३७.८ अंश सेल्सिअसच्या (१०० अंश फॅरनहाइट) वर गेलं. किंवा पुन्हा पुन्हा ३७.२ अंशांच्या (९९ फॅरनहाइट) वर येत राहिलं. किंवा त्या व्यक्तीच्या नेहमीच्या तापमानापेक्षा १.१ अंश सेल्सिअसने, म्हणजे २ अंश फॅरनहाइटने वाढलं, तर तो ताप समजायचा.

तिसरा निकष सर्वांत कामाचा आणि सर्वांत दुर्लक्षित. ज्यांचं रोजचं तापमान ९६.८ असतं त्यांच्यासाठी ९८.८ हा ताप आहे, आणि थर्मामीटर बघणारा मात्र 'नॉर्मल आहे' म्हणून तो खाली ठेवतो.

मोजताना होणाऱ्या चुका: गरम किंवा गार काही प्यायल्यावर लगेच मोजणं (१५ मिनिटं थांबा), तोंड उघडं ठेवून श्वास घेणाऱ्याच्या तोंडात मोजणं, आणि काखेतला आकडा तोंडातल्यासारखाच समजणं (काखेत साधारण अर्धा अंश सेल्सिअस कमी येतो). सांधेदुखीसाठी नियमित पॅरासिटामॉल किंवा स्टेरॉइड चालू असेल तर ताप झाकला जातो. बीटा ब्लॉकर प्रकारच्या रक्तदाबाच्या गोळ्या नाडीचा वेग वाढू देत नाहीत, म्हणून 'नाडी तर शांत आहे' हाही दिलासा फसवा असतो. आजारी दिसणाऱ्या माणसाचं तापमान ३६ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं, तर ते तापाइतकंच गंभीर लक्षण आहे.

मग संसर्गाची चाहूल लागते तरी कशाने?

वागण्यातल्या बदलाने. कालपर्यंत स्वतः जेवणारी व्यक्ती आज ताटाकडे बघत नुसती बसून राहते. चालताना तोल जातो, किंवा कारण नसताना पडते. कपड्यांत लघवी होऊ लागते. दिवसभर झोप येते. न्यूमोनियात खोकला नसतो, पोटातल्या संसर्गात पोट दुखत नाही, पण 'आज काहीतरी बिनसलंय' एवढं मात्र घरातल्यांना जाणवतं. ते जाणवणं गंभीरपणे घ्यावं.

एक-दोन दिवसांत, किंवा काही तासांतच आलेला गोंधळ हा स्मृतिभ्रंश नसतो. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांत वाढतो. अचानक आलेल्या गोंधळाला डॉक्टर 'डिलिरियम' म्हणतात आणि संसर्ग हे त्याच्या नेहमीच्या कारणांपैकी एक. त्याचे दोन चेहरे आहेत. बडबड, भास, अंथरुणातून उठून जाणं हा पहिला; तो सगळ्यांच्या लक्षात येतो. दुसरा गप्प असतो: माणूस मिटल्यासारखा पडून राहतो, उत्तरं उशिरा देतो, बोलता बोलता डोळे मिटतो. घरचे म्हणतात, 'आज शांत झोपलेत, बरं वाटतंय.' निसटतो तो हा दुसरा प्रकार. आठवड्याचे वार उलट क्रमाने म्हणायला सांगा. रोज सहज म्हणणारा माणूस आज मध्येच हरवत असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवायचं.

हे 'नेहमीचं' कसं टिपून ठेवायचं?

प्रकृती बरी असताना चार-पाच दिवस सकाळी, चहापाण्याच्या आधी, या गोष्टी एका कार्डावर लिहा: तापमान, बसल्या जागी नाडी, मिनिटाला श्वास, ऑक्सिमीटरचा आकडा, रक्तदाब, वजन. त्याखाली दोन ओळी शब्दांत: किती चालतात, स्वतःचं काय काय करतात, रात्री लघवीला किती वेळा उठतात, किती जेवतात. कार्ड औषधांच्या डब्यात ठेवा आणि दर सहा महिन्यांनी नवं करा.

श्वास मोजताना 'आता मोजतो' असं सांगू नका. सांगितलं की श्वासाची लय बदलते. नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरा आणि छाती-पोटाकडे पूर्ण ६० सेकंद बघा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर एका श्वासाची चूक चार श्वासांची होते. शांत बसलेल्या माणसाचे श्वास साधारण १२ ते २० असतात. २५ किंवा त्याहून जास्त असतील तर ताप-खोकला नसला तरी न्यूमोनियाची शंका घ्यायची.

ऑक्सिमीटर लावण्याआधी बोट गरम हवं, नेलपॉलिश नको, आणि आकडा स्थिर व्हायला निदान अर्धा मिनिट द्यायला हवा. सावळ्या त्वचेवर हे यंत्र खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतं. म्हणून सुट्या आकड्यापेक्षा नेहमीच्या आकड्यापासून झालेली घसरण बघा.

आनंदी राहिलं की प्रतिकारशक्ती वाढते, हे खरं आहे का?

काही अंशी. पण हे वाक्य ज्या थाटात सांगितलं जातं तितकं ते सरळ नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकून अनेक प्रयोग केले. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जास्त मानसिक ताणाखाली असलेल्यांना सर्दी जास्त झाली. १९९७ मध्ये नातीगोती आणि ओळखी विविध प्रकारच्या असणाऱ्यांना ती कमी झाल्याचं दिसलं, २००३ मध्ये स्वभावाने उत्साही-समाधानी असणाऱ्यांना. २००९ मध्ये सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना आठ तास किंवा अधिक झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट सर्दी झाल्याचं दिसलं. विषाणू सगळ्यांना मोजून दिलेला होता, म्हणून या प्रयोगांना वजन आहे. मात्र ते स्वयंसेवक तरुण आणि मध्यमवयीन होते आणि आजार सर्दीचा होता. ऐंशीच्या माणसाच्या न्यूमोनियाला तेच आकडे लावता येत नाहीत.

उतारवयात मनःस्थितीचा परिणाम बराचसा आडवाटेने होतो. मन खचलेला माणूस कमी जेवतो, कमी चालतो, दात घासायचा कंटाळा करतो, लस पुढे ढकलतो, आणि बरं वाटत नसलं तरी अंगावर काढतो. यातल्या प्रत्येक गोष्टीने संसर्गाचा धोका वाढतो. उलट दिशेनेही तेच: आजारपणाने मन खचतं. त्यामुळे 'उदास माणसं जास्त आजारी पडतात' एवढ्या निरीक्षणावरून उदासीमुळेच आजार झाला असं म्हणता येत नाही. आजारी माणसाला 'तू सकारात्मक विचार करत नाहीस म्हणून' असं ऐकवणं तर शास्त्रालाही धरून नाही आणि माणुसकीलाही.

संसर्ग टाळायचा म्हणून माणसांना भेटू द्यायचं नाही, हे बरोबर आहे का?

कायमचा उपाय म्हणून चूक. २०१० मध्ये १४८ अभ्यास आणि तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा सामाजिक नाती भक्कम असलेल्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आढळली. एकट्या माणसाची आणखी एक अडचण साधी आहे: त्याच्यातला बदल कुणाच्या लक्षात येत नाही. ज्या न्यूमोनियाचं निदान पहिल्या दिवशी व्हायला हवं, ते चौथ्या दिवशी होतं.

म्हणून भेटी बंद करण्यापेक्षा आजारी माणसाची भेट पुढे ढकला. ताप, उलट्या-जुलाब, नवा खोकला किंवा सर्दी असेल त्याने यायचं नाही, एवढा एक नियम ठाम ठेवा. उलट्या-जुलाब थांबल्यावरही निदान ४८ तास जाऊ द्या. साथ चालू असेल तेव्हा एका वेळी एक-दोन माणसं, समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या, जमल्यास अंगणात किंवा गच्चीवर भेट. यायलाच हवं अशा सर्दीवाल्याने चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावावा; ढिला कापडी मास्क फारसं काही करत नाही. एक गोष्ट सहज विसरली जाते: ऐकू कमी येणारे लोक ओठांकडे बघून समजून घेतात. मास्कमुळे त्यांचा अर्धा संवाद तुटतो आणि ते गोंधळलेले वाटू लागतात. अशा वेळी श्रवणयंत्र लावलेलं आहे ना, त्याची बॅटरी चालू आहे ना, हे आधी बघा. मग सावकाश बोला, ओरडू नका.

प्रत्यक्ष भेट शक्यच नसेल तेव्हा रोज ठरलेल्या वेळी फोन करा. कधीतरी केलेल्या लांबलचक फोनपेक्षा रोजचा छोटा फोन बरा. रोज ऐकलेल्या आवाजातली धाप आणि गोंधळ लगेच कळतो.

नातवंडांपासून धोका असतो म्हणतात. त्यांना लांब ठेवायचं?

लहान मुलं श्वसनाचे विषाणू घरी आणतात आणि न्यूमोनिया करणारा न्यूमोकॉकस हा जिवाणू त्यांच्या घशात-नाकात बऱ्याचदा काही त्रास न देता राहतो, हे खरं आहे. पण उत्तर मुलांना लांब ठेवण्यात नाही, त्यांच्या लसीत आहे. जपानमध्ये १९६२ पासून १९८७ पर्यंत शाळकरी मुलांना फ्लूची लस मोठ्या प्रमाणावर दिली जात होती. त्या काळात न्यूमोनिया आणि फ्लूमुळे होणारे जादा मृत्यू घटले, आणि कार्यक्रम बंद पडत गेला तसे ते पुन्हा वाढले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणाच्या अंदाजानुसार दर ४२० मुलांच्या लसीकरणामागे एक मृत्यू टळत होता, आणि वाचणारे बहुतेक ज्येष्ठ होते.

रोजच्या वागण्यात: शाळेतून आल्यावर मुलांनी साबणाने २० सेकंद हात धुऊन मगच आजी-आजोबांजवळ जायचं, आणि सर्दी असेल तेव्हा एकाच पेल्यातून पिणं, गालाला गाल लावणं टाळायचं. एरवी गोष्ट ऐकायला शेजारी बसायला हरकत नाही.

कोणत्या लशी घ्यायच्या? वयामुळे लस नीट लागत नाही, मग उपयोग काय?

लस कमी लागते म्हणून घेऊ नये, हा तर्क उलटा आहे. धोका जास्त असल्यामुळे कमी परिणामाचाही फायदा मोठा होतो. वेळापत्रक देशागणिक बदलतं, तेव्हा तपशील डॉक्टरांशी ठरवा. चर्चेला जाताना एवढं माहीत असावं:

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो आणि प्रतिपिंडंही ओसरतात. परिणाम यायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून साथ सुरू होण्याआधी घ्या. टोचून दिली जाणारी नेहमीची लस मेलेल्या विषाणूची किंवा त्याच्या तुकड्यांची असते. तिच्याने फ्लू होत नाही. ६५ वर्षांवरच्यांसाठी काही देशांत जास्त मात्रेची लस मिळते: प्रत्येक प्रकारासाठी १५ ऐवजी ६० मायक्रोग्रॅम. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तिने साध्या लशीपेक्षा सुमारे २४ टक्के अधिक फ्लू टाळले. फ्लू टाळणं म्हणजे नुसता ताप टाळणं नव्हे. कॅनडातल्या २०१८ च्या एका अभ्यासात फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सहापट आढळला.

न्यूमोकॉकसची लस सगळे न्यूमोनिया टाळत नाही, फक्त त्या जिवाणूच्या ठरावीक प्रकारांचे टाळते. नेदरलँड्समध्ये ६५ वर्षांवरच्या सुमारे ८४,५०० लोकांवर १३ प्रकारांच्या लशीची चाचणी झाली. लशीतल्या प्रकारांनी होणारा न्यूमोनिया सुमारे ४५ टक्क्यांनी आणि रक्तापर्यंत पसरणारे संसर्ग ७५ टक्क्यांनी कमी झाले.

नागिणीच्या नव्या लशीचे दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. सत्तरीनंतरही तिचा परिणाम ९० टक्क्यांच्या आसपास राहतो, आणि ज्येष्ठांच्या लशींत हे दुर्मीळ आहे. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू नसांच्या मुळाशी दडून असतो. नागीण बरी झाल्यावरही महिनोन्‌महिने टिकणारी जळजळ झोप, भूक आणि मन सगळंच कुरतडते. लस टोचल्यावर दंड दुखणं, अंगदुखी, बारीक ताप एक ते तीन दिवस राहतो, म्हणून दुसऱ्या दिवशी प्रवास ठेवू नका. पहिल्या डोसच्या त्रासाला घाबरून दुसरा चुकवणं ही नेहमीची चूक.

धनुर्वाताचा बूस्टर दर दहा वर्षांनी. आरएसव्ही या श्वसनविषाणूवरच्या ज्येष्ठांसाठीच्या पहिल्या लशींना २०२३ मध्ये मान्यता मिळाली. हृदय किंवा फुप्फुसांचा जुना आजार असेल तर तिच्याबद्दल जरूर विचारा.

लस घेण्याच्या दिवशी काही खास करायचं का?

६५ ते ८५ वयाच्या १३८ जणांच्या एका ब्रिटिश अभ्यासात, लस घेण्याच्या दिवशी मन प्रसन्न असणाऱ्यांत प्रतिपिंडं थोडी जास्त आढळली. अभ्यास छोटा आहे, त्यावरून मुहूर्त शोधत बसू नका. आदल्या रात्री नीट झोप, वेळेवर जेवण आणि सोबत कुणीतरी, इतकं पुरे. ताप येईल म्हणून आधीच पॅरासिटामॉल घेऊ नका. त्रास झाला तर नंतर घ्या.

तोंडाच्या स्वच्छतेचा न्यूमोनियाशी काय संबंध?

फार जवळचा, आणि या पानावरचा सर्वांत स्वस्त उपाय इथेच आहे. झोपेत लाळेचे बारीक थेंब श्वासनलिकेत जातात. तरुणपणी खोकला ते परतवून लावतो. म्हातारपणी तो प्रतिक्षेप मंदावतो, आणि दातांवरच्या किटणातले जंतू थेट फुप्फुसात पोचतात. जपानमधल्या ११ वृद्धनिवासांत दोन वर्षं चाललेल्या अभ्यासात काळजीवाहकांनी प्रत्येक जेवणानंतर सुमारे पाच मिनिटं दात घासून दिलेल्या गटात ११ टक्क्यांना न्यूमोनिया झाला. नेहमीप्रमाणे सोडलेल्या गटात १९ टक्क्यांना. ज्यांना दातच नव्हते त्यांनाही फायदा झाला, कारण हिरड्या आणि जीभही पुसली जात होती.

रीत अशी: माणसाला ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली. मऊ ब्रश, वाटाण्याएवढी पेस्ट, कमी पाणी. आधी हिरड्यांची कड, मग चावायची बाजू, शेवटी जीभ मागून पुढे. चूळ भरता येत नसेल तर ओल्या कापडाने पुसून घ्या. डोकं मागे टाकून घासलं तर पाणी उलटं श्वासनलिकेकडे जातं. कवळी रात्री काढायची, ब्रशने घासायची आणि पाण्यात ठेवायची. पंच्याऐंशीच्या पुढच्या ५२४ जपानी ज्येष्ठांच्या पाहणीत कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून अधिक होता.

जेवताना ताठ बसणं आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं न होणं हेही याच हिशेबातलं. पाणी पिताना रोज ठसका लागत असेल किंवा जेवणानंतर आवाज घोगरा-ओला होत असेल, तर गिळण्याची तपासणी करून घ्या.

लघवीला वास येतो, रिपोर्टमध्ये जंतू आहेत. अँटिबायोटिक सुरू करायचं ना?

त्रास नसेल तर नाही. देखभालकेंद्रांत राहणाऱ्या स्त्रियांपैकी २५ ते ५० टक्क्यांच्या लघवीत काहीही त्रास नसताना जंतू सापडतात. कायमची नळी असेल तर जवळजवळ सगळ्यांच्याच. तो आजार नाही. नुसता वास आणि गढूळपणा बहुधा पाणी कमी पिण्याचा असतो. लघवी करताना जळजळ, नव्याने वाढलेली घाई, ओटीपोटात किंवा कमरेच्या बाजूला दुखणं, थंडी वाजून ताप, ही खरी लक्षणं. माणूस थोडा गोंधळला आणि लघवीत जंतू मिळाले की सगळं खापर लघवीवर फोडून शोध थांबतो, आणि खरं कारण (न्यूमोनिया, बद्धकोष्ठता, नवी गोळी) तसंच राहतं.

नको असलेल्या अँटिबायोटिकची किंमत ज्येष्ठांना जास्त मोजावी लागते. आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल हा जंतू माजतो. त्याचे जुलाब जिवावर बेतू शकतात. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या घरात ठेवूच नका.

लघवीची नळी असेल तर ती अजून का आहे, हे प्रत्येक भेटीत विचारा. नळी जितके दिवस राहते तितका धोका वाढतो.

आहार आणि 'इम्युनिटी'च्या गोळ्यांबद्दल काय?

गोळ्यांपेक्षा प्रथिनांकडे बघा. निरोगी ज्येष्ठांना दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम, आजारपणात १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला म्हणजे ६० ते ७२ ग्रॅम, तीन जेवणांत विभागून. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांनी ठरवायचा. सहा महिने ते वर्षभरात प्रयत्न न करता वजन ५ टक्के उतरलं तर ते वयावर ढकलू नका. त्याबरोबर दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर क्षयाची तपासणी करा. तरुणपणी शरीरात दबून बसलेला क्षय म्हातारपणी डोकं वर काढतो.

ऑस्ट्रेलियात साठीच्या पुढच्या २१ हजारांहून अधिक लोकांना पाच वर्षं दरमहा ६०,००० युनिट ड जीवनसत्त्व किंवा बिनऔषधी गोळी देण्यात आली. श्वसनसंसर्गाचं प्रमाण घटलं नाही. कमतरता असेल तर ते हाडांसाठी जरूर घ्या; सर्दी-न्यूमोनियाचं कवच म्हणून नको.

आजारपणात सक्तीची विश्रांती चांगली ना?

हा समज फार महागात पडतो. २००७ च्या एका प्रयोगात निरोगी ज्येष्ठांनी दहा दिवस अंथरुणात काढले, तेवढ्यात त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो वजनाचं स्नायूंचं मांस झडलं. आजार, कमी जेवण आणि ताप यांची भर पडली की नुकसान आणखी वाढतं. पडून राहिल्याने कफ साचतो, कातडीवर जखमा होतात, झोपेचं चक्र उलटतं.

डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर दुसऱ्या दिवसापासून निदान जेवण खुर्चीत बसून व्हावं. मग दर दोन तासांनी आधार घेऊन उभं राहणं, दोन-चार पावलं. बरं झाल्यावर खुर्चीची चाचणी घ्या: हात छातीवर, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं? सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषाला १२ आणि स्त्रीला १० हून कमी जमत असेल तर पायांत ताकद कमी आहे. तोच व्यायाम म्हणूनही चालतो: दिवसातून दोनदा, पाच-पाच वेळा, खुर्ची भिंतीला टेकवून. अशक्तपणा हटायला आठवडे लागतात, हे आधीच सांगून ठेवलं तर माणूस निराश होत नाही.

घरात उलट्या-जुलाबाची साथ आली तर?

सॅनिटायझरवर विसंबू नका. अशी साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूवर अल्कोहोलचा परिणाम कमी होतो. साबण आणि वाहतं पाणीच हवं. उलटी झालेली जागा आधी कागदाने पुसून घ्या. मग ५ टक्क्यांचं ब्लीच एक लिटर पाण्यात २० मिलिलिटर मिसळा, त्या जागेवर दहा मिनिटं राहू द्या आणि मग धुवा. खिडक्या उघडा. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा दुसरं क्लीनर मिसळलं तर विषारी वायू तयार होतो.

ज्येष्ठांना तहान उशिरा जाणवते, म्हणून मागायची वाट न बघता दर दहा मिनिटांनी दोन-तीन घोट द्या. जलसंजीवनीचं पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ; यात अंदाज नको, मीठ जास्त झालं तर अपाय होतो. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

मन खचलंय हे मोजता येतं का?

जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची एक साधी यादी आहे. गेल्या दोन आठवड्यांत किती काळ मन आनंदी होतं, शांत वाटलं, अंगात उत्साह होता, सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलं, आणि दिवस आवडीच्या गोष्टींनी भरलेला होता? प्रत्येकाला ० (कधीच नाही) ते ५ (सतत) गुण. बेरजेला चारने गुणा. ५० किंवा त्याहून कमी आले तर डॉक्टरांशी बोला. २८ किंवा त्याहून कमी असतील तर नैराश्याची शंका दाट. एकदाच्या आकड्यापेक्षा दर महिन्याची घसरण जास्त बोलते. न्यूमोनिया किंवा फ्लूनंतर महिन्याभराने ही यादी पुन्हा भरून घ्या, कारण शरीर सावरलं तरी मन मागे राहिलेलं असू शकतं.

काळजी घेणाऱ्याचं काय?

तोही बहुधा साठीचाच असतो. अमेरिकेत १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराची काळजी घेणाऱ्या ३२ जणांना आणि तशाच वयाच्या इतर ३२ जणांना फ्लूची लस दिली. पुरेशी प्रतिपिंडं काळजीवाहकांपैकी ३८ टक्क्यांत वाढली, इतरांत ६६ टक्क्यांत. त्याच संशोधकांच्या आधीच्या अभ्यासात काळजीवाहक स्त्रियांच्या छोट्या जखमा भरायला नऊ दिवस जास्त लागले होते. काळजीवाहकाला आठवड्यातून काही तास पूर्ण सुटी आणि सलग झोप मिळणं हा चैनीचा भाग नाही. त्याने स्वतःच्या लशीही रुग्णाबरोबरच उरकाव्यात.

डॉक्टरांकडे कधी न्यायचं आणि काय सांगायचं?

त्याच क्षणी: श्वास मिनिटाला २५ किंवा जास्त, ऑक्सिजन ९० च्या खाली, वरचा रक्तदाब १०० किंवा कमी, नव्याने आलेला गोंधळ किंवा जागं न होणं, अंग थरथरवणारी थंडी, किंवा बारा तास लघवीच न होणं. त्याच दिवशी: आधी सांगितलेल्या निकषांपैकी कोणताही ताप, दोन जेवणं पूर्ण चुकणं, विनाकारण पडणं, पायावर पसरत जाणारी लाली. फ्लूची शंका असेल तर वाट बघू नका; विषाणूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सर्वांत उपयोगी पडतं.

फोनवर 'बरं वाटत नाहीये' एवढंच सांगितलं तर समोरच्याला काही कळत नाही. असं सांगा: 'वय ७८. नेहमी स्वतः अंघोळ करतात, आज सकाळपासून उठवावं लागतंय. तापमान ९९.२, नेहमीचं ९७. श्वास २६, नेहमीचे १६.' सोबत ते कार्ड, चालू गोळ्या त्यांच्या मूळ पाकिटांसह, लशींची नोंद, ॲलर्जीची माहिती, आणि विसरू नका: चष्मा, श्रवणयंत्र, कवळी. रुग्णालयातल्या अनोळखी खोलीत नीट दिसत-ऐकू येत नसेल तर गोंधळ आणखी वाढतो.